न पटणारी गोष्ट : आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात देवघेव विभागाशेजारच्या फलकावर आपण नऊ पानांची एक यादी लावलीत. तिच्या डोक्यावर ‘निर्लेखित करावयाचे ग्रंथ’ असे शीर्षक आहे आणि शेवटी मंडळाच्या ठरावाचा उतारा आहे. ठरावात दोन गोष्टी आहेत. गेल्या पाच वर्षांत एकदाही घरी न नेलेल्या कथा-कादंबऱ्या दाखलनोंदवहीतून कमी करून त्यांची विल्हेवाट लावावी, ही पहिली. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनकक्षात भरणारी ‘पुस्तक आणि पडदा’ ही बैठक बंद करून ती खोली पूर्णवेळ अभ्यासिकेकडे द्यावी, ही दुसरी. एवढेच असते तर मी मंडळाकडे एक साधा अर्ज देऊन थांबले असते. तसा तो दिलाही; त्यावर आवक शिक्का पडला, उत्तर मात्र आले नाही. पण यादीच्या सहाव्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, सात कादंबऱ्यांपुढे एकच वाक्य लिहिलेले आहे : ‘चित्रपट उपलब्ध, प्रत ठेवण्याची आवश्यकता नाही.’ हे वाक्य मला पटलेले नाही. आज ते आपल्या फलकावर आहे, उद्या शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथालयाला सोयीचे वाटेल. म्हणून हे पत्र मंडळाला उद्देशून असले तरी सर्वांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे.

मी कोण, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षे नोकरी केली, आता निवृत्त आहे, ग्रंथालयाची आजीव सभासद आहे आणि ‘पुस्तक आणि पडदा’च्या बैठकीत सतरंज्या अंथरण्यापासून टिपणे ठेवण्यापर्यंतची कामे करते. माझा या यादीशी असलेला संबंध मात्र बैठकीहून जुना आहे.

१९८६ साली लग्न होऊन मी या गावात आले. एकदा घरातले सगळे दूरदर्शनवर ‘उंबरठा’ पाहत बसलो होतो. जब्बार पटेलांचा १९८२चा चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि सुलभा महाजनच्या भूमिकेत स्मिता पाटील. सुलभा नवरा, मुलगी, भरलेले घर मागे ठेवून निराधार स्त्रियांच्या संस्थेत अधीक्षक म्हणून दूर जाते, हे पाहताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, “असं घर टाकून कुणी जातं का?” मी तेव्हा पोस्टाच्या परीक्षेचा अर्ज भरून गादीखाली ठेवलेला होता. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात आले, तर तेव्हाच्या ग्रंथपालबाईंनी सांगितले की हा चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून घेतला आहे आणि ती आपल्याकडे आहे. सासऱ्यांच्या कार्डावर मी ती घरी नेली. एका पानाच्या समासात कुणीतरी शिसपेन्सिलीने लिहिले होते, ‘हिला कुणी विचारलं का?’ मी ती दोन रात्रींत वाचून संपवली आणि कपाटावर ठेवली. चार दिवसांनी पाहते तो सासूबाईंची चष्म्याची काडी त्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली. त्या पुस्तकाविषयी त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, परत करायच्या दिवशी मात्र म्हणाल्या, “मुदत वाढवून आण.”

ती प्रत सहाव्या पानावर दुसऱ्या क्रमांकाला आहे. शेरा तोच.

‘उंबरठा’ पाहिलेला माणूस आजही गावोगाव भेटतो. त्यातली सुरेश भटांची गझल तर चित्रपट न पाहिलेल्यांनाही पाठ असते. ‘बेघर’ हे नाव मात्र दहांतल्या नऊजणांना ठाऊक नसते, आणि शांता निसळ हे नाव त्याहून कमी जणांना. मी पुण्यात तीन दुकानांत ही कादंबरी मागितली. तिन्ही ठिकाणी दुकानदाराने मान हलवली आणि तिसऱ्याने आपणहून ‘उंबरठा’ची गाणी सुरेख आहेत असे सांगितले. म्हणजे चित्रपट प्रसिद्ध होता, आहे, पुढेही राहील. नेमके याच कारणासाठी पुस्तकाची प्रत कुठेतरी राहिली पाहिजे, कारण तिच्या बाजूने बोलणारे दुसरे कुणी उरलेले नाही. आपल्या शेऱ्याने हे उलटे केले आहे.

आता त्या शेऱ्याकडे सविस्तर वळते. चित्रपट उपलब्ध असला म्हणजे कादंबरी उपलब्ध झाली, असे मंडळाला वाटते. आपण एकेका नावाने पाहू.

यादीत ‘बनगरवाडी’ आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची आणि अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा, म्हणजे मध्ये चाळीस वर्षे. कादंबरी ‘मी’ने सांगितलेली आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळ्या वयाचा मास्तर आपल्याला वाडी दाखवतो, कारभारी दाखवतो, आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या यांना भेटवतो. फक्त स्वतः दिसत नाही. दिसणार कसा? डोळे त्याचेच आहेत. चित्रपटात पहिल्याच दृश्यापासून त्याला चेहरा मिळतो, टोपी मिळते, चालण्याची ढब मिळते, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी पाहायच्या ऐवजी त्याच्याकडे पाहू लागतो. हा दिग्दर्शकाचा दोष म्हणता येणार नाही. कॅमेऱ्याला दुसरा इलाज नाही. पण हा फरक एवढा मोठा आहे की त्यावर आमची एक अख्खी बैठक गेली.

ती बैठक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात मास्तराविषयी संशय येतो, तो भाग आम्ही मोठ्याने वाचला. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की मास्तर धुतल्या तांदळासारखा आहे, कारभाऱ्याने उगाच मनात धरले. अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी तेव्हा दारात पाण्याची बाटली भरून घेत उभी होती. तिचे वडील दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. ती तिथूनच म्हणाली, “सर, पण गोष्ट मास्तरच सांगतोय ना? तो स्वतःला वाईट कशाला म्हणेल? कारभाऱ्यानं लिहिलं असतं तर?” क्षणभर कुणालाच काही सुचले नाही. मग तेच पान तीन वेळा वाचले गेले, चहा निवला, मुख्याध्यापक आपल्या मतावर ठाम राहिले आणि ती मुलगी पुढच्या महिन्यापासून आत येऊन बसू लागली. चित्रपट पाहताना हा प्रश्न असा पडत नाही, कारण पडद्यावर मास्तर आणि कारभारी दोघेही आपल्यासमोर सारखेच उभे असतात. साक्ष देणारा तिसराच असतो. पुस्तक आणि चित्रपट दोन्ही हाताशी असल्यामुळेच ते मुलीला दिसले आणि मग आम्हाला दिसले. आपल्या शेऱ्याप्रमाणे त्यातले एक पुरे होते.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ची हीच गत. सुदैवाने ती यादीत नाही, कारण तिला मागणी आहे. आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे दोस्त आणि शिरोडकर. मुकुंद तोंडाने जेवढे बोलतो त्याच्या कितीतरी पट मनात बोलतो, आणि कादंबरीची सगळी गंमत त्या मनातल्या बोलण्यात आहे. सुजय डहाके यांच्या चित्रपटाने ते बोलणे मुलांच्या नजरांवर आणि शांततेवर सोपवले. काही ठिकाणी ते फार सुंदर उतरले आहे, काही ठिकाणी कादंबरी न वाचलेल्याला नुसती शांतताच दिसते. आमच्या बैठकीत यावरून दोन तट पडले आणि ते अजून मिटलेले नाहीत.

यादीत ‘मुंबई दिनांक’ही आहे. तिच्यापुढचा शेरा वाचून मला हसावे की रडावे कळेना. तिथे ‘चित्रपट उपलब्ध’च्या पुढे कंसात ‘सिंहासन’ असे लिहिले आहे. १९७९चा ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. तेंडुलकरांनी या दोन्हींतले धागे उचलून एक पटकथा विणली. विणताना काय घेतले आणि काय सोडले, हे कळायला दोन्ही कादंबऱ्या समोर लागतात. दोन घरांच्या विटा काढून तिसरे घर बांधले, म्हणून पहिल्या दोन घरांचे नकाशे जाळावेत असे कोणी म्हणत नाही. मुख्यमंत्री म्हणजे अरुण सरनाईक, विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉ. लागू आणि पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले, हे आता माझ्या पिढीच्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की कादंबरी उघडली तरी तेच चेहरे बोलू लागतात. चित्रपटाने आम्हाला दिगू दिला, हे उपकार आहेतच. पण ज्याने अजून चित्रपट पाहिलेला नाही अशा विशीतल्या वाचकाला स्वतःचा दिगू घडवण्याची संधी एकदाच मिळते, आणि ती संधी सहाव्या पानावर पाचव्या क्रमांकाला आहे.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या एकाखाली एक आहेत. दोघींपुढे ‘जोगवा’ या २००९च्या चित्रपटाचे नाव आहे. राजीव पाटील यांच्या त्या चित्रपटात या दोन कादंबऱ्यांबरोबर चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथाही मिसळलेली आहे. तीन लिखाणांतून एक चित्रपट झाला, मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांनी त्यात जीव ओतला, सगळे खरे. पण देवीला सोडलेल्या जोगतिणीचे आणि जोगत्याचे जगणे लेखकाने दोन वेगळ्या पुस्तकांत मांडले, त्याला काही कारण असेल की नाही? ते कारण शोधायचे तर पुस्तकेच उघडावी लागतील.

‘जैत रे जैत’चे उदाहरण वेगळ्या बाजूने बघण्यासारखे आहे. गो. नी. दांडेकरांचा नाग्या आणि चिंधी १९७७ साली पडद्यावर आले ते ना. धों. महानोरांच्या गाण्यांवर स्वार होऊन. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, ढोल, रानातला ठाकरांचा फेर यांनी तो चित्रपट अक्षरशः नाचत राहतो. कादंबरीत ढोल वाजत नाही. तिथे गोनीदांनी ठाकरांची बोली अशी कानांत घातली आहे की वाचताना आपलेच ओठ हलू लागतात. डोंगरावरच्या राणीमाशीशी नाग्याचे वैर दोन्हीकडे आहे. ऐकू येणारा आवाज वेगळा आहे. मला विचाराल तर मी चित्रपट अधिक वेळा पाहिला आहे आणि कादंबरीने मला अधिक दिवस छळले आहे.

आणि आता ज्या पुस्तकाचे नाव मी या पत्राला दिले आहे त्याविषयी. ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’. तिच्यावरून ‘प्रभात’ने १९३७ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली मराठीत ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’ काढला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा हे लग्न मानतच नाही, आणि तिचा तो नकार शांता आपट्यांनी असा काही उभा केला आहे की आमच्या बैठकीतल्या विशीच्या मुली टाळ्या वाजवतात. आम्ही त्या दिवशी चित्रपटापेक्षा तीन नावांवरच जास्त वेळ बोललो. कादंबरीच्या नावात गोष्ट पटत नाही एवढेच आहे. कुणाला पटत नाही हे लेखकाने सांगितलेले नाही, ते वाचकाने ठरवायचे. हिंदी नावात न मानणारी दुनिया आहे. मराठी चित्रपटाच्या नावात ना मुलगी आहे ना दुनिया. आहे ते फक्त कपाळावर लावायचे कुंकू. एकाच कथेला तीन कपाळे, आणि प्रत्येकावर वेगळी रेघ. आपल्याकडच्या प्रतीची पाने तपकिरी झाली आहेत, कडा बोटाला लागून चुरतात, कापडी बांधणीचा कणा सुटला आहे. पाच वर्षांत ती कुणी घरी नेलेली नाही हे खरे आहे, कारण ती घरी देऊ नये, बसूनच वाचू द्यावी, असा शेरा याच ग्रंथालयाने तिच्या पहिल्या पानावर मारून ठेवला आहे.

इथे आपल्या मोजमापाचा प्रश्न येतो. ‘पाच वर्षांत एकदाही घरी न नेलेले’ हा निकष कागदावर सोपा दिसतो. पण २०२० आणि २०२१ या वर्षांतले कित्येक महिने टाळेबंदीमुळे ग्रंथालयाचे दार बंद होते. त्या महिन्यांत कोणतेच पुस्तक कुणी घरी नेले नाही. वाचनकक्षात बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद आपण ठेवत नाही, त्यामुळे ‘बनगरवाडी’ची जी प्रत बैठकीत हातोहात फिरली ती आपल्या हिशेबात पडून राहिली. एकाच्या कार्डावर निघालेले पुस्तक तीन घरांत वाचले जाते, आमच्या सासूबाईंनी वाचले तसे, त्याचीही नोंद कुठे नसते. आणि देवघेव संगणकावर गेली तेव्हा जुन्या तारीखचिठ्ठ्यांवरच्या नोंदी संगणकात चढल्याच नाहीत. म्हणजे मंडळाने जे मोजले आहे ते वाचन नाही.

उलट एक गोष्ट मोजायची राहिली. २०२३ साली ‘श्यामची आई’वर नवा चित्रपट आला. आचार्य अत्र्यांचा १९५३चा ‘श्यामची आई’ आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी डोळे पुसत पाहिलेला, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान मिळवलेला. त्यानंतर सत्तर वर्षांनी हा कृष्णधवल चित्रपट. तो लागला त्याच आठवड्यात साने गुरुजींच्या पुस्तकाच्या आपल्या दोन्ही प्रती बाहेर गेल्या आणि पाच जणांनी वाट पाहणाऱ्यांच्या वहीत नाव घातले. कुणी जुना चित्रपट आठवून आले होते, कुणी नवा पाहून, आणि एका तिसरीतल्या मुलाला फक्त एवढे पाहायचे होते की श्याम रोज रात्री गोष्ट सांगतो म्हणजे एकूण रात्री किती. बेचाळीस, असे त्याने मोजून आम्हाला सांगितले. चित्रपट माणसाला पुस्तकाकडे पाठवतो, याचा पुरावा आपल्याच वहीत आहे. उद्या कुणी ‘बेघर’वर मालिका काढली आणि दहा माणसे देवघेवीच्या खिडकीशी आली, तर त्यांना आपण काय सांगणार?

चित्रपट ‘उपलब्ध’ आहे, या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. मोबाईलवर आज दिसणारा जुना मराठी चित्रपट उद्या दिसेल याची हमी नसते; हक्क बदलतात, दुवा नाहीसा होतो, कधी मधलाच भाग कापलेला असतो. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’देखील आज आपल्याला पूर्ण पाहायला मिळत नाही, काही भागच उरला आहे. तिथे एका तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाने चित्रपटांच्या भरवशावर कादंबऱ्या काढून टाकणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर विसंबून घरचा आड बुजवणे आहे.

मंडळाच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. मागच्या खोलीत गळते, खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागलेली आहे, अनुदान वेळेवर येत नाही आणि ग्रंथपालांना मदतनीस नाही. अभ्यासिकेत बसणारी मुले पहाटे सहाला दाराशी उभी असतात. माझ्या भाच्याने तिथेच बसून तलाठ्याची परीक्षा दिली, त्यामुळे त्या खोलीचे मोल मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण जागा करायचीच होती तर यादी दुसऱ्या टोकाकडून सुरू करता आली असती. २००८ सालच्या स्पर्धा परीक्षा मार्गदर्शकाच्या चार प्रती आजही मधल्या कपाटात दिमाखात उभ्या आहेत. त्यातला अभ्यासक्रम कधीच बदलला. त्या एकाही पानावर नाहीत.

बैठक बंद करण्याचे कारण ठरावात ‘उपस्थिती अल्प’ असे दिले आहे. आमच्या बैठकीला साधारण पंधरा-सोळा माणसे येतात. एका सन्माननीय सदस्यांनी ‘तो गप्पांचा फड आहे’ असे म्हटल्याचे माझ्या कानावर आले. खरे आहे, गप्पाच असतात. महिनाभर सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची, एकच प्रत असेल तर वाचनकक्षात पाळीने बसून वाचायची, चित्रपट ज्याला जिथे मिळेल तिथे पाहायचा, आणि दुसऱ्या शनिवारी चार ते सहा भांडायचे, असा आमचा नेम आहे. यात किराणा दुकानदार आहे, अंगणवाडी सेविका आहे, एक वकील आहेत, आणि भरतीची तयारी करणारी पाच मुले आहेत. या पाचजणांची नावे अभ्यासिकेच्या हजेरीवहीतही आहेत. आपण ज्यांच्यासाठी खोली रिकामी करत आहात त्यांतलेच काही जण त्या खोलीत आमच्याबरोबर बसलेले असतात, हे ठराव मांडताना कुणी तपासले असते तर बरे झाले असते. यादी करताना ग्रंथपालांचे मतही घेतले गेले नाही, असे समजते. ते खरे असेल तर दुर्दैवी आहे, कारण कोणते पुस्तक कुठल्या कपाटात कोणाची वाट पाहत आहे हे या इमारतीत त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सहाव्या पानावरच्या सातही कादंबऱ्यांचे निर्लेखन तात्काळ थांबवावे आणि ‘चित्रपट उपलब्ध’ हा शेरा पुस्तक काढून टाकण्याचे कारण म्हणून यापुढे कधीही वापरला जाणार नाही, असा ठराव मंडळाने करावा. बाकीच्या आठ पानांची फेरतपासणी ग्रंथपाल, मंडळाचा एक सदस्य आणि वाचकांचे दोन प्रतिनिधी यांनी मिळून करावी. तीत टाळेबंदीचा काळ वगळावा आणि वाचनकक्षात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांची सहा महिने नोंद ठेवून मगच निर्णय घ्यावा. त्यासाठी लागणारी वही मी आणि बैठकीतले दोघे पाळीने सांभाळू. जे पुस्तक काढणे खरोखर अटळ असेल, त्याची प्रत जिल्ह्यातल्या दुसऱ्या ग्रंथालयाकडे आहे का याची आधी विचारणा करावी, आणि नसेल तर ते रद्दीत न देता जे ग्रंथालय सांभाळायला तयार असेल त्याला द्यावे.

बैठकीसाठी खोली पूर्णवेळ मागत नाही. महिन्यातून एक शनिवार, दोन तास. तेही शक्य नसेल तर मागच्या व्हरांड्यात बसायची आमची तयारी आहे. फक्त पावसाळ्यात आत घ्यावे. ‘न पटणारी गोष्ट’ आणि ‘बेघर’ या दोन प्रतींच्या बांधणीचा खर्च बैठकीतर्फे आम्ही देऊ, त्याची पावती ग्रंथालयाच्या नावाने करावी. आणि शेवटचे, म्हणजे हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, म्हणजे जे बोलायचे ते सगळ्यांसमोर बोलता येईल, माझे चुकत असेल तर तेही.

या पत्राची एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना माहितीसाठी पाठवत आहे. त्यात तक्रारीचा हेतू नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७चा कायदा ज्या खात्याकडे आहे त्याला अशा याद्या कशा तयार होतात हे कळावे, एवढेच.

‘बेघर’ची प्रत सध्या माझ्याकडे आहे. यादी लागली त्याच दिवशी मी ती माझ्या कार्डावर घेतली, म्हणजे ‘पाच वर्षांत एकदाही न नेलेले’ या वर्णनातून ती आता बाहेर पडली आहे. समासातली ती पेन्सिलीची ओळ अजून वाचता येते. परतीची तारीख या महिन्याची २८ आहे. त्या दिवशी दुपारी चारच्या आत मी ती खिडकीवर आणून देईन. ती जमा करून घेताना दाखलनोंदवहीत तिच्या नावापुढे लाल रेघ नसावी.

आपली नम्र,
एक आजीव सभासद